घटक ५ : उच्चारणाचे नियंत्रण – स्नायुसंवेदना आणि प्रतिक्षिप्त क्रिया

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
१. स्नायूंतील संवेदनाग्राहींचे कार्य सांगता येईल.
२. प्रतिक्षिप्त क्रियेचा मार्ग स्पष्ट करता येईल.
३. ध्वनीचे 'स्थान' आणि प्रत्यक्ष हालचाल यांतील फरक विशद करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, 'प' हा वर्ण ओष्ठ्य, स्पर्श, अघोष व अल्पप्राण आहे, हे आपण मागे पाहिले. स्थान आणि प्रयत्न यांच्या आधारे ध्वनींचे वर्णन करण्याची ही पद्धत प्राचीन शिक्षाग्रंथांपासून चालत आली आहे व आजही ती उपयुक्त आहे. मात्र तिच्यामुळे एक समज होण्याचा संभव असतो. तो असा की, प्रत्येक ध्वनीसाठी स्नायूंची एकच ठरलेली हालचाल असते आणि मेंदूने आज्ञा देताच ती जशीच्या तशी घडते.

'आप' आणि 'ईप' हे उच्चार करून पाहा. 'आ' साठी जबडा बराच उघडतो, त्यामुळे ओठ मिटण्यासाठी त्याला वर यावे लागते. 'ई' च्या वेळी तो आधीच वर असतो. हालचाल वेगळी, तरीही 'प' तोच. हे कसे साधते? याचे उत्तर शोधण्यासाठी शरीर स्वतःच्या हालचालींवर देखरेख कशी ठेवते, ते समजून घेणे आवश्यक आहे.

५.२ स्नायूंतील संवेदनाग्राही

डोळे मिटले तरी आपला हात कोठे आहे हे आपणांस कळते. या स्वस्थितिसंवेदनेचे महत्त्व ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले. चेतापेशींच्या कार्याविषयीच्या संशोधनासाठी त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या संवेदनेसाठी दोन ग्राही विशेष महत्त्वाचे आहेत.

(अ) स्नायुतर्कू : तर्कू म्हणजे सूतकताईतील चाती. मध्ये फुगीर व टोकांना निमुळता असा हा ग्राही स्नायुतंतूंना समांतर असतो. स्नायू ताणला की तोही ताणला जातो आणि स्नायूची लांबी किती व किती वेगाने बदलली, याचा संदेश पाठवतो.

(आ) गॉल्जी कंडराग्राही : स्नायू जेथे कंडरेला जोडला जातो तेथे हा असतो. तो लांबीची नव्हे, तर स्नायूतील ताणाची नोंद घेतो.

भरलेली बादली हातात धरली असता कोपर किती वाकले आहे हे मुख्यतः तर्कूंमुळे कळते. स्नायूवर किती भार पडला आहे हे कळण्यास कंडराग्राहींचे साहाय्य होते.

५.३ प्रतिक्षिप्त क्रियेचा मार्ग

डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली लहान हातोडीने ठोकतात तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू क्षणभर ताणला जातो. तर्कूंचा संदेश मज्जारज्जूत पोहोचतो, तेथे तो थेट प्रेरक चेतापेशीला मिळतो, स्नायू आकुंचन पावतो आणि पाय पुढे उडतो. त्याच वेळी मांडीच्या मागच्या, म्हणजे विरोधी स्नायूच्या प्रेरक पेशींना मधल्या एका चेतापेशीमार्फत आवर घातला जातो. हे सर्व सुमारे २० ते ३० मिलिसेकंदांत सुरू होते. जाणीवपूर्वक प्रतिसादाला याहून बराच अधिक वेळ लागतो.

तथापि ही क्रिया मेंदूच्या प्रभावापासून पूर्णतः मुक्त नसते. गॅमा प्रेरक चेतापेशींद्वारे तर्कूंची संवेदनक्षमता कमीअधिक करता येते. प्रेरक पेशींवरही मेंदूचे नियंत्रण असते.

५.४ वागिंद्रियांतील रचना

सर्व वागिंद्रियांत ही व्यवस्था सारखी नाही. श्वासावर नियंत्रण ठेवणाऱ्या, बरगड्यांमधील स्नायूंत तर्कू असतात व त्यांच्या चेतांचे मार्ग मज्जारज्जूतून जातात. जबडा मिटणाऱ्या स्नायूंत तर्कू विपुल असतात, परंतु त्यांची प्रतिक्षिप्त क्रिया मज्जारज्जूऐवजी मस्तिष्कस्तंभातून घडते. जिभेतही तर्कू आढळतात. ओठांच्या स्नायूंत मात्र ते जवळजवळ नसतातच. तेथे त्वचेतील ग्राहींवर अधिक भिस्त असते.

५.५ जबडा अडवला तर?

१९८४ साली केल्सो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. 'बॅब' हा उच्चार करताना अखेरच्या 'ब' साठी जबडा वर येत असतानाच त्याला अनपेक्षितपणे खाली ओढण्यात आले. पहिल्याच वेळी दोन्ही ओठांनी जवळजवळ तत्काळ भरपाई केली आणि ओठ मिटले. 'बॅझ' उच्चारताना तसाच अडथळा आणला असता ओठांनी भरपाई केली नाही; त्याऐवजी जिभेच्या स्नायूंची क्रिया वाढली. दोन्ही वेळा उच्चारात जाणवण्याजोगा बिघाड झाला नाही.

गुडघ्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेत जो स्नायू ताणला जातो तोच आकुंचन पावतो. येथे ओढला गेला जबडा, परंतु प्रतिसाद दिला दुसऱ्याच अवयवाने, तोही ध्वनीच्या गरजेनुसार. म्हणजेच साध्या प्रतिक्षिप्त क्रियेच्या वर, उद्दिष्टानुसार अवयवांचा मेळ घालणारी आणखी एक व्यवस्था कार्यरत असते.

५.६ सारांश

ध्वनीचे 'स्थान' हे हालचालीचे वर्णन नसून हालचालीने गाठावयाचे उद्दिष्ट आहे. तेथपर्यंत जाण्याच्या वाटा अनेक असू शकतात आणि स्नायू, त्वचा व कान यांच्याकडून येणाऱ्या संदेशांच्या आधारे त्यांत सतत दुरुस्ती होत असते. प्रौढ वयात श्रवणशक्ती गमावलेल्या व्यक्तींचे बोलणे पुष्कळदा दीर्घकाळ समजण्याजोगे राहते, त्यामागे या अंतःसंवेदनेचाही वाटा आहे. भाषाशिक्षकाच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. परभाषक विद्यार्थ्याला 'ळ' शिकवताना जिभेची जागा सांगणे ही केवळ सुरुवात होय. तो स्पर्श त्याला स्वतः जाणवला पाहिजे, आपला ध्वनी त्याने ऐकला पाहिजे आणि निरनिराळ्या शब्दांत तो पुन्हा पुन्हा साधला पाहिजे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. स्नायुतर्कू व कंडराग्राही यांच्या कार्यांतील फरक सांगा.
२. 'बॅब' व 'बॅझ' यांवरील प्रयोगातून कोणता निष्कर्ष निघतो?
३. दातांत पेन्सिल आडवी धरून 'ई' व 'आ' हे स्वर उच्चारा. जिभेच्या हालचालीत काय बदल जाणवतो, ते चार-पाच ओळींत लिहा.