पाच कोटी वर्षांपूर्वीचे ऊन

कॅनडा देशाच्या अगदी उत्तरेस एल्स्मीअर नावाचे बेट आहे. तेथे हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्याचे तोंड दिसत नाही. 1975 साली मेरी डॉसन या विदुषी सोबत्यांसह तेथे गेल्या आणि खडक तपासू लागल्या. खडकात काय सापडावे? मगरीच्या जातीच्या प्राण्यांची हाडे! मगर काही बर्फात जगत नाही. म्हणजे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी हे बेट उबदार होते. आणि तेव्हाही ते उत्तरेलाच होते बरं का.

ही ऊब आली कोठून? त्या काळी हवेत कार्बन डाय-ऑक्साइड वायू फार होता. हा वायू गोधडीसारखा. जमिनीची उष्णता निसटू देत नाही. कोळसा, रॉकेल, पेट्रोल जाळले की हाच वायू निघतो. 1750 च्या सुमारास हवेच्या दहा लाख भागांत तो 280 भाग होता. आज 420 हून अधिक आहे. मग पुढे ऊन किती वाढेल? हा आपल्या शेताचा आणि विहिरीचा प्रश्न आहे.

याचा हिशेब संगणकावर करतात. हवेचे आणि समुद्राचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात ऊन किती, वारा किती, पाणी किती, हे गणिताने काढायचे आणि शेजारच्या चौकोनाला कळवायचे. अशी कोट्यवधी गणिते. याला मॉडेल म्हणतात.

पण गणित चुकले तर कळणार कसे? आम्ही शाळेत मुलांना आधी अशी उदाहरणे घालत असू, की ज्यांची उत्तरे पुस्तकामागे छापलेली आहेत. उद्याच्या हवेचे उत्तर कोठे छापलेले नाही. पाच कोटी वर्षांपूर्वीचे मात्र खडकात आहे.

2020 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एका नव्या मॉडेलला हे उदाहरण घातले. वायू 1750 च्या तिप्पट धरला. उत्तर आले, विषुववृत्ताकडच्या जमिनीवर 55 अंशांहून अधिक उष्णता! इतक्या उष्णतेत झाडे तग धरत नाहीत. पण झाडे तर होती. गुजरातेत सुरत जिल्ह्यात वस्तान येथे कोळशाची खाण आहे. त्या काळी आपला देश विषुववृत्ताजवळ होता. या खाणीत त्या वेळच्या दाट जंगलातली राळ सापडते, आणि राळेत अडकलेल्या मुंग्या नि मधमाश्या.

मॉडेल नापास झाले. नवल असे, की आजच्या हवेचा हिशेब ते चांगला करीत होते. घोटाळा ढगांत होता. ढग ऊन अडवतो आणि ऊब कोंडतोही. त्यातले बर्फकण तर मॉडेलच्या चौकोनापुढे धुळीएवढेही नाहीत. 2022 साली या बर्फकणांच्या हिशेबातली एक चुकीची अट काढली. मग हिमयुगाचे उदाहरण घालून ताळा पाहिला. वायू दुप्पट झाला तर पाच अंशांहून अधिक उष्णता वाढेल, असे मॉडेल आधी सांगत होते. दुरुस्तीनंतर ते सुमारे चार अंश सांगू लागले.

चार अंश काही थोडे नव्हेत. आमच्याकडे पारा 42 वर गेला, की दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही.