घरच्या ओव्हनची परीक्षा



गेल्या नाताळांत आमच्या घरचा केक वरून करपला आणि मधोमध कच्चा राहिला. अंडीं, लोणी, सुका मेवा, सर्व वायां गेलें. मीं लागलाच पत्नीच्या हाताला दोष दिला. तिनें तर प्रत्येक जिन्नस मापून घेतला होता. पुढें यंत्राची परीक्षा केली, तेव्हां चूक कोणाची तें कळलें. तीच रीत येथें सांगतों.

ओव्हनच्या बटणावरील १८० हा आंकडा म्हणजे आंतील खरी उष्णता नव्हे. ती केवळ आपण केलेली आज्ञा होय. विजेच्या ओव्हनमधील तापनियंत्रक ठराविक उष्णता होतांच वीज तोडतो व आंतील हवा निवूं लागतांच ती पुन्हां जोडतो. त्यामुळें उष्णता सारखी वरखालीं होत असते. नियंत्रक बिघडला, किंवा बटण आपल्या दांड्यावर किंचित् सरकलें, कीं सर्वच आंकडे खोटे ठरतात.

प्रथम मापकाचीच परीक्षा घ्यावी. स्वयंपाकाचा, तारेचा, २५० अंश सेल्सियसपर्यंत वाचणारा तापमापक आणावा. (आजाऱ्याचा ताप पाहण्याचा थर्मामीटर सुमारें ४२ अंशांपर्यंतच असतो, तो ओव्हनमध्यें कधींहि घालूं नये.) कुटलेला बर्फ व थोडें पाणी यांत टोक बुडविल्यास शून्य दिसलें पाहिजे. नंतर उकळतें पाणी घ्यावें. पुस्तकांत आपण १०० अंश वाचतों, परंतु तें समुद्रकांठचें माप. आपलें नगर समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंच आहे. येथें हवेचा दाब कमी, म्हणून पाणी सुमारें ९८ अंशांवरच उकळतें. येथें मापक १०० दाखवील, तर तो दोन अंश अधिक सांगतो असें समजावें.

आतां मापकाचें टोक मधल्या जाळीवर, भिंतींना न लागेल असें ठेवावें. बटण १८० वर करून अर्धा तास थांबावें. मग दार न उघडतां दर पांच मिनिटांनीं आंकडा लिहावा. आम्हांस १९२, २०४, २१०, २०१, १९१, २०२ असे सहा आंकडे मिळाले. बेरीज १२००, सरासरी २००. म्हणजे ओव्हन २० अंश अधिक तापत होता. एकच आंकडा घेतला असता, तर चूक १२ किंवा ३० वाटली असती.

मापक नसेल, तर साखर साक्ष देते. ती सुमारें १८६ अंशांवर वितळते. धातूच्या वाटींत चमचाभर साखर घालून तापलेल्या ओव्हनमध्यें १७५ वर पाव तास ठेवावी. ती कोरडी राहिली पाहिजे. दुसरी चमचाभर १९० वर ठेवावी. ती वितळली पाहिजे. पहिलीच वितळली तर ओव्हन अधिक तापतो, दुसरीहि न वितळली तर कमी.

उपाय सोपा आहे. कांहीं ओव्हनांत बटणामागील स्क्रूनें वा सोबतच्या पुस्तिकेप्रमाणें दुरुस्ती करितां येते. तत्पूर्वीं प्लग काढावा आणि हें काम वडील माणसानेंच करावें. तशी सोय नसेल, तर "१८० हवे असल्यास १६० वर ठेवावें" अशी चिठ्ठी जवळच्या भिंतीवर लावावी. मात्र १६० वर पुन्हां मोजून पाहावें. चूक सर्वत्र सारखीच असते असें नाहीं.

नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा निषेध केला आहे. आमच्या घरीं खोटें माप यंत्राचें होतें, पण खोटा न्याय माझा होता. चिठ्ठी लावण्यापूर्वीं मीं पत्नीची क्षमा मागितली. पुढचा केक उत्तम फुलला.