प्राणवायूची टंचाई आणि पेशीतील चिठ्ठी

उन्हाळ्यात पाटाचे पाणी आटू लागले की कुळागरातील पाटाजवळच्या पोफळी हिरव्या राहतात, दूरच्या सुकू लागतात. डिचोली-पेडण्याकडील वाचकांना हे सांगावयास नको. कर्करोगाच्या गाठीतही असेच घडते. गाठ भराभर वाढते, पण रक्तवाहिन्या तिला पुऱ्या पडत नाहीत. १९५५ साली ब्रिटनमधील टॉमलिन्सन व ग्रे यांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या गाठी तपासून दाखविले की, रक्तवाहिन्यांपासून सुमारे ०.१५ ते ०.२ मिलिमीटरपलीकडील पेशी मेलेल्या असतात. त्यांच्या अलीकडच्या पट्ट्यातील पेशी मात्र अपुऱ्या प्राणवायूवर तग धरतात. त्या कशा तगतात, हे आपण पाहू.

पेशीत एच.आय.एफ.-१ नावाचे प्रथिन असते. प्राणवायू पुरेसा असला की त्याचा एक भाग तयार होताच नष्ट केला जातो. प्राणवायू घटला की तो टिकतो व अनेक जनुकांना कामास लावतो. पेशी प्राणवायूची ही जाणीव कशी ठेवते, या शोधासाठी सेमेन्झा, रॅटक्लिफ व केलिन यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या जनुकांपैकी एकापासून मिर-२१० हा सूक्ष्म आर.एन.ए. बनतो.

सूक्ष्म आर.एन.ए. म्हणजे काय? प्रथिन बनविण्याचा जनुकाचा हुकूम संदेशवाहक आर.एन.ए. नेतो. त्याला चिकटून तो हुकूम अडविणारी, सुमारे २२ अक्षरांची चिठ्ठी म्हणजे सूक्ष्म आर.एन.ए. अशी पहिली चिठ्ठी १९९३ मध्ये एका इवल्याशा कृमीत सापडली. त्याबद्दल अँब्रोस व रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले.

मिर-२१० अडवितो तो आय.एस.सी.यू. या प्रथिनाचा हुकूम. हे प्रथिन लोह व गंधक यांचे लहान पुंज जुळविण्यास मदत करते. डिचोलीच्या डोंगरांत खनिजरूपाने आढळणारे लोह ते हेच! हे पुंज कमी पडले की तंतुकणिकांतील श्वसन मंदावते. प्राणवायू वापरून ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० एटीपी मिळतात. त्याच्याविना केवळ २. वरवर पाहता हा तोट्याचा व्यवहार. पण ज्या खात्याला कच्चा मालच मिळत नाही ते चालू ठेवणे अधिक तोट्याचे, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्यास सहज पटेल.

मात्र टंचाईत सर्वच सूक्ष्म आर.एन.ए. वाढतात असे नव्हे. त्यांना कातरून तयार करणारी ड्रोशा व डायसर ही विकरे मंदावल्याने त्यांतील पुष्कळ कमीही होतात.

या काटकसरीची किंमत रुग्ण मोजतो. प्राणवायूविना जगणाऱ्या पेशी मारण्यास किरणोत्साराची मात्रा अडीच ते तीनपट लागते. स्तनाच्या कर्करोगात ज्यांच्या गाठीत मिर-२१० अधिक आढळला, त्यांची पुढील स्थिती अधिक वाईट असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. म्हणून ही चिठ्ठी वाचून उपचार ठरविता येतील काय, याचा शोध संशोधक घेत आहेत.

तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. पेडण्याच्या एखाद्या घरात कुणाला गाठ लागली, तर 'दुखत नाही ना, मग राहू दे' असे न म्हणता बांबोळीची वाट लवकर धरावी. पाणी आटून कुळागर सुकण्याची वाट कोणता बागाईतदार पाहतो?