कवटीची मोजमापे आणि लिंगनिश्चिती

अनोळखी सांगाडा सापडल्यावर लिंग, वय व उंची यांचा अंदाज घेणे ही ओळख पटविण्याची पहिली पायरी होय. लिंग निश्चित झाल्यास बेपत्ता व्यक्तींच्या यादीचा मोठा भाग वगळता येतो. मात्र ते चुकल्यास नेमके खरे नावच वगळले जाते आणि एखादे कुटुंब उत्तराविना राहते.

मापनाचा आधार : लिंगनिश्चितीसाठी कटिभागाची हाडे सर्वाधिक विश्वसनीय मानली जातात. ती उपलब्ध नसल्यास कवटीचा आधार घेतात. पुरुषांची कवटी सरासरीने मोठी, तर भुवयांवरील उंचवटा व कानामागील हाड अधिक ठळक असते. कवटीची लांबी-रुंदी, गालांच्या हाडांच्या कमानींमधील रुंदी, चेहऱ्याची उंची इत्यादी मापे कॅलिपरने घेतली जातात. हे फरक यौवनावस्थेनंतर स्पष्ट होत असल्याने बालकांच्या बाबतीत ही पद्धत उपयोगी नाही.

संख्याशास्त्राचे साहाय्य : स्त्री-पुरुषांची मापे परस्परांत मिसळलेली असल्याने एकच माप पुरेसे ठरत नाही. म्हणून प्रत्येक मापाला भार देऊन बेरीज केली जाते व ती विभाजन बिंदूशी ताडून पाहिली जाते. हेच विभेदक फलन. रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये ते मांडले. त्याच वर्षी प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 'व्यापक अंतरा'ची संकल्पना प्रसिद्ध केली. तिचे मूळ कोलकात्यातील अँग्लो-इंडियनांच्या शरीरमापांच्या अभ्यासात होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा घडविणारे महालनोबिस ते हेच.

मर्यादा : जाइल्स व एलियट यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील कवट्यांवरून सूत्रे तयार केली. त्यांची अचूकता सुमारे ८२ ते ८९ टक्के होती. म्हणजे शंभरांपैकी अकरा ते अठरा निष्कर्ष चुकीचे. शिवाय तीच सूत्रे लहान चणीच्या लोकसमूहाला लावल्यास पुरुषांची गणना स्त्रियांमध्ये होण्याचा धोका असतो. हाडातून डीएनए मिळाल्यास अधिक खात्रीचा निष्कर्ष काढता येतो. परंतु जळालेल्या वा जीर्ण अस्थींतून तो दरवेळी मिळत नाही.

कायदा व नियोजन : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ नुसार तज्ज्ञाचे मत ग्राह्य असते; ते न्यायालयावर बंधनकारक नसते. म्हणूनच निष्कर्षासोबत त्रुटीची शक्यताही नोंदविणे आवश्यक आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने न्यायसहायक पायाभूत सुविधांसाठी २,२५४.४३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. इमारती व उपकरणांच्या जोडीला भारतातील विविध लोकसमूहांची प्रमाणित मोजमापे संकलित झाली, तरच अशा खर्चाचे पूर्ण फळ मिळेल.