गृहव्यवहारातील सोयी आणि पथ्यविचार

प्रस्तावना

‘ताजे, गरम आणि घरचे अन्न घ्यावे’ हे वाक्य आपण सर्व वैद्य दिवसातून अनेक वेळा उच्चारतो. शास्त्रदृष्ट्या त्यात काहीच वावगे नाही. परंतु ज्या घरात पती शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जातो, पत्नी शाळेत वा बँकेत नोकरी करते, मुलांची शाळा सकाळची असते आणि मधुमेही सासूबाईंना वेळेवर खाणे द्यावे लागते, त्या घरात सकाळी ७ च्या आत चार डबे भरले जातात. अशा घराला प्रत्येक वेळी ताज्या अन्नाचा उपदेश केला, तर तो ऐकून घेतला जातो, पाळला मात्र जात नाही. दोन-तीन भेटींनंतर ‘पथ्य जमत नाही’ म्हणून रुग्ण औषधही सोडून देतो. हा अनुभव आम्हांस आहे, तसा तो बहुतेक वैद्यबंधु-भगिनींनाही असणार.

आजच्या गृहिणीने वेळ वाचविण्यासाठी ज्या सोयी स्वीकारल्या आहेत, त्या सर्व सरसकट त्याज्य ठरविणे शास्त्राला धरून आहे काय? की त्यांतील काही ग्राह्य, काही सुधारून घेण्याजोग्या आणि काही खरोखरच वर्ज्य आहेत? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

शास्त्रविचार

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेष आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. त्यांपैकी करण म्हणजे संस्कार. पाण्यात भिजविणे, अग्नीवर शिजविणे, धुणे, घुसळणे, विशिष्ट पात्रात ठेवणे आणि काही काळ राहू देणे, हे सर्व संस्कारच होत. कालाचा व पात्राचा अंतर्भाव संस्कारात आहे, ही गोष्ट येथे महत्त्वाची. याचा अर्थ असा की ‘आधी करून ठेवणे’ हा स्वतः दोष नव्हे; तो एक संस्कार आहे. त्याने गुण वाढतात की घटतात, हे द्रव्यानुसार पाहावे लागते.

पर्युषित म्हणजे शिळ्या अन्नासंबंधीही शास्त्राची भूमिका आपण समजतो तितकी एकांगी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, इंद्रियोपक्रमणीय अध्यायात, शिळे अन्न खाऊ नये असे सांगताना मांस, हरितक, वाळविलेल्या भाज्या, फळे आणि भक्ष्य पदार्थ यांचा अपवाद केलेला आहे. यांतील वाळविलेल्या भाज्या व भक्ष्य पदार्थ पाहता ज्यांतील जलांश अग्नीने वा उन्हाने कमी झाला आहे ते टिकतात, ओला शिजविलेला पदार्थ टिकत नाही, हे तत्त्व ध्यानी येते. मांसाचा अपवाद मात्र आजच्या व्यवहारात जसाच्या तसा घेऊ नये. रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा मंगळवारपर्यंत पुरविण्यास हा आधार नव्हे. अष्टांगहृदयाच्या मात्राशितीय अध्यायात पुन्हा गरम केलेले अन्न वर्ज्य म्हटले आहे, तेही येथे लक्षात ठेवावे.

आधुनिक सूक्ष्मजीवशास्त्र याच निष्कर्षाकडे दुसऱ्या वाटेने येते. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात ओल्या, शिजविलेल्या अन्नात जंतू वेगाने वाढतात. कोरड्या, खारट, आंबट वा तेलात परतलेल्या पदार्थात त्यांना तितका वाव नसतो.

परंपरेतील सोयी

वेळ वाचविण्याची कल्पना आजची नाही. मेतकूट, भाजणी, सातू, सांडगे, पापड, आमसूल, मोरावळा हे सर्व निवांत दिवसांत करून धावपळीच्या दिवसांसाठी ठेवलेले पदार्थ आहेत. सातूचा, म्हणजे सक्तूचा, उल्लेख तर संहिताग्रंथांतच आहे.

कोल्हापुरातील उत्तम उदाहरण कांदा-लसूण चटणीचे. येथे नुसते ‘चटणी’ म्हटले तरी तीच समजली जाते. उन्हाळ्यात मिरच्या कडक वाळवून, धणे, जिरे, तीळ, सुके खोबरे व गरम मसाला भाजून, कांदा तेलात चांगला तळून, लसूण व मीठ घालून ती कांडपावर कुटतात आणि बरणीत दाबून भरतात. ऊन, अग्नी, तेल, मीठ आणि हवाबंद पात्र असे पाच संस्कार तिच्यावर झालेले असतात. म्हणूनच ती वर्षभर टिकते आणि रोज वाटण करण्याचा अर्धा तास वाचतो. अम्लपित्त, अर्श वा त्वग्विकाराच्या रुग्णास ती मात्रेत कमी करण्यास सांगावे. पण वर्षाची चटणी शिळी म्हणून निषिद्ध ठरविणे योग्य होणार नाही.

कोरड्या मसाल्यांच्या बाबतीत मात्र शार्ङ्गधराचे वचन उपयोगी पडते. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, तर गुटी व अवलेह एक वर्षापर्यंत टिकतात, असे त्यांनी सांगितले आहे. हे औषधासाठी असले तरी जिरेपूड, धणेपूड, सुंठपूड यांनाही लागू करण्यास हरकत नसावी. अख्खे जिन्नस वर्षाचे भरावेत, पूड दोन महिन्यांपुरतीच करावी.

शिजविण्यापूर्वीच्या सोयी

आमच्या मते व्यवहारात एकच मुख्य भेद करावा : सोय शिजविण्यापूर्वीची आहे की शिजविल्यानंतरची? पूर्वीच्या बहुतेक सोयी ग्राह्य किंवा सुधारण्याजोग्या आहेत.

१) भाजलेले तांदूळ : चांगला धुतलेला, पेज काढलेला, नीट शिजलेला व गरम भात लघु, असे चरकांनी म्हटले आहे. कुकरच्या भाताची पेज निघत नाही. त्यामुळे अग्निमांद्य, स्थौल्य किंवा कफाधिक्य असलेल्या घरी आठवड्याचे तांदूळ निवडून, कोरडेच मंद आचेवर भाजून, गार झाल्यावर डब्यात भरण्यास आम्ही सांगतो. एकदाच अर्धा तास लागतो आणि रोजचा भात लघु होतो. आजरा घनसाळसारखा सुवासिक तांदूळ असला, तरी हाच नियम.

२) डाळी व कडधान्ये : रात्री भिजविलेली डाळ सकाळी लवकर व पूर्ण शिजते. कुकरमध्ये तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. अर्धवट शिजलेल्या डाळीपेक्षा कुकरची मऊ डाळ केव्हाही बरी. शिजण्यासाठी खाण्याचा सोडा घालण्याची सवय मात्र मोडावी, त्याने थायामिन हे जीवनसत्त्व नष्ट होते. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, भरपूर उकळूनच घ्यावा. कच्च्या राजम्यातील विषारी प्रथिन मंद आचेने जात नाही.

३) मोड आलेली मटकी : मिसळीमुळे मटकी आपल्याकडे घरोघरी. सुश्रुतांनी मोड आलेली धान्ये विदाही, उत्क्लेशकारक व रूक्ष म्हटली आहेत. तीच मटकी आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवून कच्ची खाण्यापेक्षा दोन दिवसांपुरतीच भिजवावी आणि हिंग, जिरे, लसणाची फोडणी देऊन शिजवावी.

४) आले-लसूण वाटण : तेल घालून बाहेर ठेवलेल्या लसणाच्या वाटणात, हवा न मिळाल्यामुळे, बोट्युलिनम जातीच्या घातक जंतूंची वाढ होऊ शकते, आणि वास वा रंग बदलतोच असे नाही. वाटण थोडेच करावे, ते फ्रीजमध्येच ठेवावे व ३-४ दिवसांत संपवावे. अधिक हवे असल्यास गोठवून ठेवावे. सोललेला अख्खा लसूण कोरड्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवून ऐनवेळी ठेचणे ही त्याहून चांगली सोय.

५) शेंगदाण्याचा कूट : आपल्या भागात भाजी, कोशिंबीर, उसळ कशातच कूट नाही असे होत नाही. पावसाळ्यात दाण्यांना लागणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक विष तयार होते व ते घरच्या भाजण्याने पूर्णपणे जात नाही. काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे निवडून टाकावेत आणि कूट ८ दिवसांपुरताच करावा.

६) चिरलेल्या भाज्या : भाजी आधी धुवावी, पुसावी व मग चिरावी. चिरून धुतल्यास पाण्याबरोबर सत्त्व जाते. पालेभाजी निवडून कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावी, चिरावी मात्र त्याच दिवशी.

शिजविल्यानंतरच्या सोयी

येथे सावधानता अधिक हवी. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू उकळूनही जिवंत राहतात. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर ते वाढतात, आणि त्यांतील उलटी घडविणारे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन डब्यात देण्याची पद्धत घरोघरी आहे. ती सोडवत नसेल, तर निदान भात जेवणानंतर लगेच पसरट भांड्यात गार करून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा, सकाळी वाफ येईपर्यंत गरम करावा आणि उरल्यास पुन्हा ठेवू नये. रुग्णास, गर्भिणीस व लहान मुलास तो देऊच नये. त्याऐवजी भाजलेल्या तांदळाची मऊ खिचडी कुकरमध्ये अर्ध्या तासात होते.

रविवारी आठवड्याची ग्रेव्ही करून ठेवणारी घरे आता पुष्कळ. त्यांस आम्ही असे सुचवितो की कांदा-खोबऱ्याचे वाटण कोरडे परतून, लहान डब्यांत वेगवेगळे ठेवावे, एकच मोठा डबा रोज उघडू नये, पाणी व टोमॅटो ऐनवेळी घालावा आणि ३ दिवसांपलीकडे जाऊ नये. अन्न एकदाच गरम व्हावे, हा हेतू.

पात्राचाही विचार करावा. सुश्रुतांनी अन्नपानविधीत आंबट कट्वर व खड यांसाठी दगडी पात्र सांगितले आहे. कांस्यपात्रात दहा रात्री ठेवलेले तूप वाग्भटांनी वर्ज्य म्हटले आहे. दगडी पात्राची जागा आज चिनी मातीची बरणी व काच घेऊ शकतात. आमटी, सोलकढी, ताक ही ॲल्युमिनियम वा कल्हई गेलेल्या पितळेत ठेवू नयेत, आणि प्लास्टिकच्या डब्यात अन्न गरम करू नये.

फ्रीजवरील विसंबणे किती असावे, हे कोल्हापूरकरांस वेगळे सांगावयास नको. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत शहराच्या अनेक भागांत वीज व पाणी दोन्ही बंद होते. वीज गेल्यावर न उघडलेला फ्रीज सुमारे ४ तासच पुरेसा थंड राहतो. अशा वेळी ज्या घरी सातू, मेतकूट, भाजणी, पोहे व चटणी होती, त्यांची उपासमार टळली. आषाढ-श्रावणासाठी एवढा कोरडा साठा प्रत्येक घरी असावा.

औषधातील सोय

वैद्यांनी स्वतःच्या औषधयोजनेकडेही याच दृष्टीने पाहावे. काढ्यासाठी उघड्या तोंडाचे पात्र व मंद अग्नी सांगितला आहे, झाकण ठेवल्यास तो पचण्यास जड होतो. म्हणून कुकरमध्ये काढा करू नये, आणि एकदाच करून तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवलेला काढा देऊ नये. पण म्हणून काढाच सोडावा असे नाही. शास्त्रानेच पाच कल्पना दिल्या आहेत. जेथे रोगबल व द्रव्य अनुकूल असेल, तेथे फाण्ट योजावा : १ भाग भरडीवर ४ भाग कढत पाणी ओतून, थोड्या वेळाने गाळून. किंवा हिम योजावा : १ भाग भरड ६ भाग पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी गाळून. धन्याचा हिम अंतर्दाह व तृष्णेवर सांगितलेलाच आहे. भरडीच्या रोजच्या मात्रेच्या पुड्या आठवड्याच्या करून दिल्या, तर औषध चुकण्याचे प्रमाण कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

शिळे कोण खाते?

या विषयाची एक बाजू ग्रंथांत थेट आलेली नाही, पण चिकित्सालयात ती रोज दिसते. घरातील इतरांसाठी सकाळी ताजे होते आणि उरलेले रात्रीचे अन्न बहुधा ते करणाऱ्या स्त्रीच्याच ताटात येते, तेही दुपारी, भूक मोडल्यावर, उभ्याउभ्या. अम्लपित्त, आध्मान, पांडू यांच्या स्त्रीरुग्णांत हा इतिहास विचारल्याशिवाय कळत नाही, कारण तिला स्वतःला ते सांगण्यासारखे वाटत नाही. तिला केवळ ‘शिळे खाऊ नका’ असे सांगितल्यास अन्न टाकण्याचा दोष आपल्या माथी येईल, या विचाराने ती गप्प राहते. अशा वेळी घरच्या इतर मंडळींस बोलावून, अन्न मोजून करण्याविषयी व कामाच्या वाटणीविषयी बोलणे हाही चिकित्सेचा भाग आहे. राशी आणि उपयोक्ता ही दोन आयतने येथे एकत्र येतात.

उपसंहार

रुग्णेतिहासात पुढील चार प्रश्नांची भर घालावी, अशी आमची वैद्यवर्गास विनंती आहे.

१) फ्रीजमध्ये शिजविलेले काय असते व ते किती दिवस राहते?
२) डबा किती वाजता भरला जातो व किती वाजता खाल्ला जातो?
३) उरलेले अन्न घरात कोण खाते?
४) औषध कोण तयार करते व केव्हा?

या उत्तरांवरून पथ्य ठरविल्यास ‘वर्ज्य’च्या लांबलचक यादीऐवजी दोन-तीन पाळण्याजोग्या गोष्टी रुग्णाच्या हाती देता येतात : भाजलेले तांदूळ, दोन महिन्यांची पूड, एकदाच गरम केलेले अन्न. कामाच्या रगाड्यात सापडलेल्या कुटुंबाला असे पथ्य झेपते, आणि झेपणारे पथ्य अखेरपर्यंत टिकते. सभासद वैद्यांनी आपापल्या भागातील घरगुती सोयींचा याच दृष्टीने अभ्यास करून तो मांडावा, म्हणजे गावोगावच्या आहाराला अनुरूप असे पथ्यसंग्रह तयार होऊ शकतील.