गुडघ्यातला खड्डा आणि रजेचं गणित

‘डॉक्टर, अमेरिकेत मेंढीच्या गुडघ्यात कूर्चा परत उगवली म्हणे. आपल्या दुबईत ते औषध कधी येणार?’ करामातल्या एका मावशींनी बातमी पाठवून विचारलंय. वय ६२, दोन्ही गुडघे दुखतात, एक्स-रेमध्ये हाडाला हाड टेकलेलं. बातमी खरी आहे, पण मावशींच्या गुडघ्यांच्या कामाची नाही. का, ते सांगतो.

घरी मटणाची नळी आणाल तेव्हा शिजवण्याआधी तिच्या टोकावरून बोट फिरवून बघा. निळसर पांढरी, ओलसर, काचेसारखी गुळगुळीत टोपी लागेल. तीच कूर्चा. (शाकाहारी वाचकांनी शहाळ्यातली मलई आठवावी.) माणसाच्या गुडघ्यात तिची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर, आणि त्यातही बहुतेक पाणीच. बाकी कोलॅजनचे धागे आणि ते विणणाऱ्या मोजक्या पेशी. तिच्यात रक्तवाहिनी नाही. हात कापला तर रक्त येतं, गोठतं, खपली धरते. इथे रक्तच पोचत नाही, मग खपली कुठून धरणार? मज्जातंतूही नाहीत. त्यामुळे झीज सुरू झाली तरी बराच काळ पत्ता लागत नाही. दुखायला लागतं ते खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर. नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हे लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवलंय.

मग कूर्चा परत उगवायची, तर तिथे नव्या पेशी नुसत्या सोडून भागत नाही. त्यांना धरायला काहीतरी लागतं. दुबईत राहणाऱ्याला परांची समजावून सांगायला नको. इमारत उभी राहीपर्यंत तिचा आधार, काम झालं की उतरवायची. जैवसामग्री म्हणजे गुडघ्यातली परांची. कोलॅजनचा पापुद्रा असेल, फायब्रिनची जेल असेल किंवा हायल्युरॉनिक आम्लाचं मिश्रण. पेशी तिला धरून नवा थर विणतात आणि परांची हळूहळू विरघळून जाते.

स्वीडनमध्ये रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून परत बसवल्या गेल्या. २३ रुग्णांचे ते निष्कर्ष १९९४ मध्ये छापून आले. पुढे या पेशी डुकराच्या कोलॅजनच्या पडद्यावर वाढवून बसवण्याच्या ‘मासी’ उपचाराला अमेरिकेने डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता दिली. (पडदा कशाचा आहे हे शस्त्रक्रियेआधी विचारून घ्या, आपल्याकडे अनेकांना ते महत्त्वाचं वाटतं.) आपल्याकडे मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेसच्या ‘कार्टिग्रो’ला २०१७ मध्ये परवानगी मिळाली; तोही स्वतःच्याच पेशींचा उपचार. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं ‘अजिली-सी’ मात्र पेशींशिवायचं आहे. पोवळ्यापासून मिळणाऱ्या अ‍ॅरागोनाइटची ती छोटी खुंटी. आपल्या इथल्या आखातातले बसराई मोती एकेकाळी मुंबईच्या बाजारात जायचे. त्यांचा चमकता थरही अ‍ॅरागोनाइटचाच. आणि मावशींची मेंढी? ती नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची, २०२४ ची. चांगलं काम आहे, पण अजून मेंढीवरचंच.

मुख्य मुद्दा असा, की या परांच्या खड्डा बुजवायला आहेत. फुटबॉल किंवा बॅडमिंटन खेळताना, अपघातात, जिन्यावरून पडून कूर्चेचा एक तुकडा उडाला आणि भोवतालची कूर्चा धड आहे, अशा बहुधा तरुण गुडघ्याला त्यांचा उपयोग. रस्त्यात एक खड्डा पडला तर तेवढा बुजवता येतो. अख्खा रस्ताच उखडला असेल तर डांबराचं ठिगळ कुठे लावणार? पाय वाकडा असेल, लिगामेंट तुटलेलं असेल, तर आधी ते दुरुस्त करावं लागतं, नाहीतर नवा थरही घासून जातो. अजिली-सीसुद्धा तीव्र संधिवातात वापरत नाहीत. म्हणून कोणी ६२ वर्षांच्या, पार झिजलेल्या गुडघ्यात ‘कूर्चा उगवून देतो’ म्हणत इंजेक्शनांचं पॅकेज विकत असेल, तर पाकीट खिशातच ठेवा.

तरुण वाचकांना रजेचं गणित सांगायला हवं. ‘जुलैत पुण्याला जातोय, तेव्हाच उरकून घेतो’ असं मला दर उन्हाळ्यात कोणीतरी सांगतं. पेशी वाढवण्याच्या उपचारात शस्त्रक्रिया दोन. पहिल्यात दुर्बिणीतून कूर्चेचा छोटासा तुकडा काढतात, पेशी वाढायला काही आठवडे जातात, मग दुसरी. त्यानंतर कुबड्या, हळूहळू भार, महिनोन्‌महिने फिजिओथेरपी. मैदानावर परतायला वर्षभर लागू शकतं. इथली वार्षिक रजा ३० दिवसांची. त्यात हे बसत नाही. यूएईच्या कायद्यात आजारपणाची रजा वर्षाला ९० दिवस आहे, पण पूर्ण पगार पहिल्या १५ दिवसांचाच, पुढचे ३० दिवस अर्धा आणि उरलेले ४५ बिनपगारी. घरी बोलून, विमा कंपनीची लेखी पूर्वमंजुरी घेऊन मगच तारीख ठरवा. आणि ताज्या शस्त्रक्रियेनंतर दोन-चार दिवसांत विमानात बसू नका. पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते.

आता मावशी. तुमच्यासाठी जे उपयोगी आहे ते बातमीत येत नाही. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पाठीवर झोपून, एक गुडघा वाकवून दुसरा पाय सरळ ठेवा, वीतभर उचला, पाच अंक मोजा, सावकाश खाली आणा. दहा वेळा, दोन्ही पायांनी, सकाळ-संध्याकाळ. पूजेला पाटाऐवजी खुर्ची घ्या. देव रागावणार नाही. जुलैच्या उन्हात नको, मॉलमध्ये चाला. एवढं करूनही रात्रीची झोप मोडत असेल, तर कृत्रिम सांध्याबद्दल बोलू. ती शस्त्रक्रिया जुनी आहे, खात्रीची आहे, तिला घाबरू नका.

येताना उभं राहून काढलेला एक्स-रे आणा. झोपून काढलेला आणलात तर पुन्हा काढायला लावीन.