जुना ‘ब्लेड रनर’ की नवा?

प्रश्न : ‘ब्लेड रनर २०४९’ खूप आवडला. मूळ १९८२चा चित्रपट मात्र रेंगाळलेला वाटला. माझं काही चुकतंय का?

उत्तर : छे! आधी सांगा, प्रत कोणती पाहिलीत? १९८२ साली अमेरिकेत लागलेल्या प्रतीत हॅरिसन फोर्डचं निवेदन आणि गोडगोड शेवट चिकटवलेला आहे. रिडली स्कॉटची २००७ची ‘फायनल कट’ पाहा, तीही दिवे मालवून.

बाकी लांबण म्हणाल तर डेनी व्हिलनव्हचा नवा सिनेमाच पावणेतीन तासांच्या घरात जातो. पण रॉजर डीकिन्सचं ऑस्करविजेतं छायाचित्रण नजर हलू देत नाही.

जुन्यात नायक डेकार्ड माणूस की रेप्लिकंट (कृत्रिम मानव), हे कोडं कागदाच्या इवल्याशा युनिकॉर्नवर येऊन अडतं. नव्यातला नायक के रेप्लिकंट आहे, हे आपल्याला सुरुवातीलाच कळतं. आठवणीतला लाकडी घोडा हाती लागल्यावर, आपण जन्माला आलेलो आहोत, या त्याच्या आशेला पालवी फुटते; पुढे ती आठवणच दुसऱ्या कुणाची निघते. इथे नवा सिनेमा मला सरस वाटतो.

खलनायकात मात्र तो मार खातो. पावसात भिजत, शांतपणे मरणारा रुटगर हाउअर कुठे आणि जॅरेड लेटोचा बोलघेवडा वॉलेस कुठे!